बावन्नाव्याची वाट

कोविलपट्टीत माणूस गेला की त्याचा फोटो आधी पेच्चियम्माळच्या मोबाइलवर येतो. घरात रडारड सुरू असते, आणि एखादा मेहुणा नाहीतर भाचा बाहेर ओट्यावर येऊन तिला लिहितो, "अक्का, सहा बाय चार, दुपारपर्यंत." कोण गेलं, कशानं गेलं हे ती विचारत नाही. फोटो उघडते. चेहरा बहुतेक ओळखीचाच निघतो, कारण तोच चेहरा तिनं आधी त्याच्या लग्नाच्या, नातवाचे कान टोचण्याच्या, नाहीतर एखाद्या नव्या सिनेमाच्या बॅनरवर बसवलेला असतो. हसरा फोटो असला तर ती दात झाकते आणि शर्ट पांढरा करते. चाळीस मिनिटांचं काम.

स्टीफन मुदलाळींच्या, म्हणजे मालकांच्या, फ्लेक्सच्या दुकानात ती एकोणीस वर्षं आहे. दुकान शेन्बगम टॉकीजच्या समोरच्या गल्लीत, आमच्या घराच्या अगदी खाली. पेच्चीचं घर ह्याच गल्लीच्या दुसऱ्या तोंडाशी, आमच्या पायरीवरून दिसतं. मशीनची घरघर आणि शाईचा वास आमच्या ताटापर्यंत येतो, आता तो कळतही नाही. पेच्चीचे वडील कटआउट रंगवायचे. चाळीस फुटी नट, प्लायवुडवर, चौकोन आखून. पेच्ची दहा वर्षांची असल्यापासून त्या नटांच्या पापण्या तिच्याकडे असत, कारण हात बारीक आणि फळीवर बसवून दोरीनं वर ओढता येईल इतकंच वजन. फ्लेक्स आलं तेव्हा म्हाताऱ्यानं ब्रश रॉकेलात बुडवून ठेवले ते ठेवलेच. ती टायपिंगच्या क्लासात जाऊन कॉम्प्युटर शिकली. तिचे नियम ठरलेले आहेत. चेहरा दोन छटा उजळायचा, तीन उजळला तर आईसुद्धा ओळखत नाही. केसांची कड सगळ्यात शेवटी कापायची. कानाला घाई करायची नाही.

तिचा नवरा अय्यादुरै तिला कटआउटच्या पायाशीच भेटला. नट अमुदनच्या नवव्या सिनेमाचं काम चाललं होतं. हा खाली उभा राहून तासभर बघत होता, आणि मग त्यानं तिच्या वडलांना सांगितलं, "तीळ उजव्या गालावर हवा, तुम्ही डाव्यावर काढलाय." वडील चिडले. मग त्यांनी मासिक काढून बघितलं, आणि तीळ पुसला. दोन महिन्यांनी मागणी आली.

अय्यादुरै शेंगदाण्याच्या चिक्कीच्या कारखान्यात पाक धरायचा. आमच्या गावची चिक्की जिकडं तिकडं जाते, पण गुळाचा पाक कधी उतरवायचा हे सांगणारी माणसं गावात पाच-सहाच, त्यात हा. थेंब पाण्यात टाकून बोटानं दाबायचा, कधीकधी तेही नाही, नुसता वासावरून म्हणायचा, "उतरवा." बाकी आयुष्य अमुदनचं. अमुदन रसिक मंडळाचा गावचा सेक्रेटरी, सव्वीस वर्षं. मुलीचं नाव कनी, ते सातव्या सिनेमातल्या नायिकेचं. घरात वर्षं मोजायची ती सिनेमांवरून. "आई गेली तो अण्णनचा अठ्ठाविसावा." अमुदनला अमुदन कुणी म्हणत नाही, अण्णनच, म्हणजे थोरला भाऊ. येणाऱ्या सिनेमाला नाव जाहीर होईपर्यंत आकडाच असतो, आणि नाव आलं तरी आमच्याकडं आकडाच चालतो.

बावन्नावा जाहीर होऊन तीन वर्षं आणि चार महिने झाले होते. आधी दिग्दर्शक बदलला. मग अण्णनचा गुडघा. मग परदेशातलं शूटिंग. कंपनीकडून निरोप यायचा की उद्या संध्याकाळी सहाला एक बातमी देऊ. सगळे सहाला मोबाइल धरून बसायचे. सहाला कळायचं की टीझरची तारीख येत्या शुक्रवारी सांगण्यात येईल. त्यावरही मंडळ फटाके लावायचं. स्टीफन मुदलाळी म्हणायचे, "तारीख कधी सांगणार ह्याची तारीख. हे बघा, ह्यालाच धंदा म्हणतात. आपण मूर्ख, छापून मोकळं होतो."

चैत्रात अय्यादुरैच्या पोटात दुखायला लागलं. आधी आम्लपित्त म्हणून गोळ्या झाल्या, मग तिरुनेलवेलीला तपासण्या झाल्या. डॉक्टरनं पेच्चीला आत बोलावलं आणि यकृतापर्यंत पोचलंय असं सांगितलं. किती दिवस, हे तिनं विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. "दोन महिने. तीन धरा." ती बाहेर आली. अय्यादुरै बाकावर बसून मोबाइल बघत होता.

"काय म्हणाला?"

"तिखट बंद."

"ट्रेलर आषाढात आहे म्हणतात, पेच्ची. थिएटरमध्ये दाखवणार. आधी आपल्याला, मग मोबाइलवर."

तिनं बोटं मोजली नाहीत. पण त्यानं मोजली असावीत, कारण बसमध्ये चढताना तो म्हणाला, "तेवढं बघून होऊ दे." त्यानंतर त्यानं स्वतःहून आजाराचं नाव काढलं नाही. कारखाना सुटला. जेवण पेजेवर आलं. घरी मंडळाची माणसं यायची, तो पलंगावर टेकून बसून कामं वाटायचा. नारळ कुणी आणायचे, कटआउटवर ओतायला दूध किती, पोलिसांची परवानगी कुणी काढायची. माणसं गेली की भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

पेच्चीला त्या दिवसांत मिठाची चव कळेनाशी झाली. रसम करायची, चाखायची, तोंडात नुसतं गरम पाणी. तिनं अंदाजानं मीठ घालायला सुरुवात केली. कनी तिरुप्पूरहून फोन करायची आणि रडायची. "अम्मा, तू एकदाही रडली नाहीस. मला भीती वाटते तुझी."

"भात उतू चाललाय. ठेवते."

भात खरंच उतू चाललेला असायचा. ती रोज नऊला दुकानात यायची, एकला घरी जाऊन त्याला पेज भरवायची, दोनला परत. येता-जाता मी जिन्यावरून विचारायचे, "कसे आहेत?" ती म्हणायची, "आहेत."

ट्रेलरची तारीख पंधरा आली. मग ग्राफिक्सचं काम राहिलं म्हणून बावीस. बावीसच्या आदल्या दिवशी एकोणतीस झाली. त्या दिवशी अय्यादुरैनं पहिल्यांदा पेजेचा वाडगा बाजूला सारला.

"आठ दिवस म्हणजे काय, त्यांना काय कळतंय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आण इकडं. खातो."

त्याच आठवड्यात शंकरपांडी दुकानात आला. मंडळाचा खजिनदार, चाळिशीचा, विजेच्या सामानाचं दुकान आहे. अय्यादुरैला मामा म्हणतो, पेच्चीला अक्का. आत येऊन उगाच पंख्याकडं बघत उभा राहिला.

"मुदलाळी, जरा बाहेर येता का?"

"ऊन आहे. इथंच बोल," स्टीफन म्हणाले.

"नाही, म्हणजे… मामांचं."

पेच्ची पडद्याकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही. शंकरपांडीनं आवाज इतका खाली आणला की तो जास्तच ऐकू यायला लागला.

"मागं मंडळातला आमचा जेयराज गेला तेव्हा टीझरचा आठवडा होता. तुमची मशीन भरलेली. श्रद्धांजलीचं बॅनर तिसऱ्या दिवशी लागलं. तोपर्यंत पाहुणेसुद्धा गेले निघून. मामांच्या वेळी तसं होऊ नये. सव्वीस वर्षं सेक्रेटरी माणूस. दहा बाय आठ. करून ठेवा. लागलं नाही तर… म्हणजे लागणारच आहे, पण…" त्यानं परत पंख्याकडं बघितलं. "अक्काला काही बोलू नका."

"ती काय बहिरी आहे?" स्टीफन म्हणाले.

शंकरपांडीनं पेच्चीच्या पाठीला नमस्कार केला आणि गेला.

दुपारी स्टीफन स्वतः दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसले. त्यांना धंदा येतो, काम येत नाही. अय्यादुरैचा फोटो उघडून ते अर्धा तास माउस ओढत होते, कपाळावर घाम. पेच्ची उठून मागं उभी राहिली.

"सरका, मुदलाळी."

"पेच्चियम्मा, तू नको. मी करतो कसंतरी."

"कान कापलाय तुम्ही त्यांचा."

ते सरकले. तिनं तो फोटोच टाकून दिला आणि कनीच्या लग्नातला काढला. निळा चौकड्यांचा शर्ट होता, तो पांढरा केला. कानाला घाई केली नाही. चेहरा उजळायला घेतला आणि एक छटा झाल्यावर परत मागं आणला, होता तसा ठेवला. सव्वीस वर्षांत अय्यादुरैचा चेहरा शेकडो बॅनरवर लागला होता, पण खालच्या ओळीत, अंगठ्याएवढा, वॉर्डाच्या अध्यक्षांच्या रांगेत. इथं तो मधोमध होता, कमरेपासून वर, माणसापेक्षा मोठा. मंडळाचं कुठलंही बॅनर अण्णनशिवाय निघत नाही, म्हणून वर उजव्या कोपऱ्यात तिनं अण्णनला बसवलं. एकतिसाव्या सिनेमात आईच्या चितेपुढं हात जोडून रडतो, तो. खाली समई, एक पांढरं कबूतर. 'अश्रुपूर्ण श्रद्धांजली.' जन्मतारीख घातली. दुसऱ्या तारखेची जागा कोरी ठेवली, ती मागाहून चिकटवता येते.

छापायला अकरा मिनिटं लागली. ती मशीनजवळ उभी राहिली, कारण त्या दिवशी लाल शाई अडत होती. आमच्याकडं प्रत्येक गुंडाळीवर कागदाची पट्टी लावतात, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि माप. पेच्चीनं पट्टी लावली, पेन उघडलं, आणि काही न लिहिता बंद केलं. गुंडाळी वरच्या फळीवर ठेवली आणि पुढचं काम उघडलं. पुदुग्रामातल्या कुणाच्या तरी मुलीला न्हाण आलं होतं. मुलीला चंद्रावर बसवायचं होतं.

एकोणतीस तारीख बदलली नाही. रविवार. शेन्बगम टॉकीजमध्ये पाचला ट्रेलर, मंडळाच्या माणसांना फुकट. सकाळपासून बांबू आले, ढोल आले, दुधाच्या कॅन आल्या. दुकानातून फळीवरच्या गुंडाळ्या नेण्यात आल्या. अकरांच्या पट्टीवर मंडळाचं नाव होतं, आणि एकीची पट्टी कोरी. नेणाऱ्यांना वाटलं, जास्तीचं छापलंय. स्टीफन चर्चमध्ये होते. पेच्ची घरी होती, अय्यादुरैला अंघोळ घालत.

बॅनर बांबूच्या चौकटीला ठोकतात ते जमिनीवर पालथं घालून. ठोकणाऱ्याला नुसती पांढरी पाठ दिसते. मग दोऱ्या ओढून उभं करतात, तेव्हा समोरच्यांना ते दिसतं. चार वाजता शेवटचं उभं राहिलं, थिएटरच्या दाराच्या उजव्या अंगाला. ढोल वाजत होते. मी गॅलरीत होते. आधी पुढच्या रांगेतले गप्प झाले, मग मागचे, आणि सगळ्यांत शेवटी ढोल.

"अय्यादुरै मामा गेले!" कुणीतरी ओरडलं.

"कधी? सकाळी तर मला फोन होता. नारळ पंचवीस सांग म्हणाले."

"अरे बॅनर लागलंय ना! बॅनर काय उगाच लागतं?"

आमच्या गावात बॅनर लागलं म्हणजे झालं. दोघं-तिघं खरोखर रडायला लागले. अण्णनच्या कटआउटसाठी आणलेल्या हारांतला एक हार कुणीतरी शिडी लावून बॅनरवर चढवला. एका शहाण्यानं दुधाच्या कॅनकडं बोट दाखवून विचारलं, "हे मग आता करायचं का नाही?" ढोलवाल्यांनी आपसात बघितलं आणि मयताचा ठेका धरला. तेवढ्यात गल्लीतून रिक्षा आली, आणि तिच्यात पेच्चीच्या खांद्याला टेकून अय्यादुरै बसलेला होता. नेसलेली पांढरी वेष्टी, अंगात मंडळाचा शर्ट. शर्ट इतका ढगळ झाला होता की पेच्चीनं मागून पिना लावल्या होत्या.

लोक रस्ता सोडून दोन्ही बाजूंना झाले. अय्यादुरैला वाटलं त्याच्या मानासाठी. त्यानं हात वर केला. मग त्याला बॅनर दिसलं.

"थांब," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"फोटो कुठला हा?"

"कनीच्या लग्नातला," पेच्ची म्हणाली.

"निळा शर्ट होता त्या दिवशी."

"मी पांढरा केला."

"तू केलंस."

"मुदलाळी करत होते. कान कापला त्यांनी."

अय्यादुरैनं आपल्या कानाला हात लावला. शंकरपांडी गर्दीतून धावत आला आणि रिक्षातच त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

"मामा, मला मारा. मीच सांगितलं होतं करून ठेवायला. लावायचं नव्हतं. कसं आलं, आईशप्पत माहीत नाही. ए, उतरवा रे ते! फाडा, फाडून टाका!"

"फाडू नका," अय्यादुरै म्हणाला. "नीट उतरवून गुंडाळून ठेवा. लागणार आहे." मग ढोलवाल्यांकडं बघून, "आणि तुम्हाला काय झालं? माझ्यावर वाजवताय की अण्णनवर? पाच वाजायला आले."

कुणीतरी मोठ्यानं हसलं, आणि सगळे हसायला लागले. त्याला उचलूनच आत नेलं. पेच्ची त्याची पिशवी घेऊन मागून गेली. गोळ्या, पाण्याची बाटली, ओकारीसाठी प्लास्टिकची पिशवी.

ट्रेलर दोन मिनिटं एकतीस सेकंदांचा होता. त्यातलं ऐकू काहीच आलं नाही. शिट्ट्या, कागदाचे तुकडे, पडद्यापुढं नाचणारे. तीनदा दाखवला. पेच्चीनं नंतर मला सांगितलं की तिनं पडदा फारसा बघितला नाही. शेजारी नवरा होता, तो पहिल्या वेळी पुढं वाकून बघत होता, दुसऱ्या वेळी मागं टेकला, आणि तिसऱ्या वेळी त्याचे डोळे पडद्यावर होते पण तो बघत नव्हता. तिला वाटलं, दुखतंय. तिनं गोळी काढली. त्यानं मान हलवली.

परत येताना रिक्षा गावातल्या देवळाला वळसा घालून आली, कारण मुख्य रस्त्यावर मंडळाचेच लोक नाचत होते. मग अय्यादुरै म्हणाला, "मारामारीत पाय दाखवले नाहीत."

"कुणाचे?"

"अण्णनचे. चेहरा वेगळा घेतलाय, पाय दुसऱ्याचे. उडी दुसऱ्याची. आणि हनुवटीखाली पुसलंय, तू करतेस तसं. तुला दिसलं असेल."

"दिसलं."

"चांगलं केलंय का?"

"मानेपाशी कड राहिलीय."

तो रिक्षाच्या दांड्याला धरून बसला होता. "पाक पुढं गेलाय, पेच्ची," तो म्हणाला. "शेंगदाणे कितीही चांगले घाला आता. मला पहिल्याच फोटोच्या वेळी वास आला होता. मीच म्हणत होतो की नाही, येऊ दे, बघू."

एवढ्या वर्षांत त्यानं अण्णनच्या एकाही सिनेमाला वाईट म्हटलं नव्हतं. पडला तरी म्हणायचा, लोकांना कळला नाही. तिनं त्याच्या मागची एक पिन टोचत होती ती काढून दुसरीकडं लावली.

घरापुढं शेजारची बायका-माणसं जमली होती. बॅनरची बातमी पोचलेली, म्हणून काही जणी रडण्याच्या तयारीनंच आल्या होत्या आणि आता अवघडल्या होत्या. शंकरपांडी आणि मंडळाचे चौघं मोटारसायकलवरून आधीच येऊन उभे होते.

"मामा, सांगा! कसा आहे?"

अय्यादुरैनं उंबऱ्याला धरून श्वास घेतला. "जबरदस्त," तो म्हणाला. "असा अण्णन पंधरा वर्षांत बघितला नाही. पहिल्या दिवशी सकाळचा खेळ, सगळ्यांनी रजा काढा."

"अक्का, खरं?"

"पापणी लवली नाही ह्यांची," पेच्ची म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली.

आत त्यानं चहा मागितला. डॉक्टरनं नाही सांगितलेला. तिनं केला. त्यानं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

"ते बॅनर तू केलंस ना. त्यावरून त्याला काढ."

"अण्णनला?"

"हं."

"मंडळाचं काम आहे. मंडळ काय म्हणेल?"

"मी सेक्रेटरी आहे." पेला सारून तो म्हणाला, "सारखा तो वर, मी खाली. एकदा एकटा राहतो. पण कुणाला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून. त्यांना अजून सिनेमा बघायचाय."

सोमवारी तिनं फाईल उघडली. अण्णनला काढल्यावर वरचा उजवा कोपरा रिकामा झाला. तिनं तिथं एक कबूतर ठेवून बघितलं, मग काढलं. नुसतं आभाळ ठेवलं. छापून काढलं आणि ह्या वेळी पट्टीवर नाव लिहिलं. जुनं बॅनर पालथं करून मशीनखाली अंथरलं, शाई गळते तिथं.

अय्यादुरै दहाव्या दिवशी गेला, बुधवारी सकाळी साडेआठला. ती पेज गाळत होती. आतून खोकला आला आणि पुढचा आलाच नाही. तिनं गॅस बंद केला, पेजेवर झाकण ठेवलं आणि आत गेली. थोड्या वेळानं ती बाहेर येऊन मला म्हणाली, "कनीला फोन करता का? माझा आवाज ऐकून तिला खरं वाटायचं नाही."

तारखेचे आकडे तिनं स्वतः कापले आणि चिकटवले. बॅनर दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी उभं होतं. इतक्या लवकर गावात कुणाचं लागलं नव्हतं. शंकरपांडी हार घेऊन आला, हार चढवला, चार पावलं मागं जाऊन हात जोडले. मग जोडलेले हात तसेच ठेवून त्यानं मान वर केली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

तो पेच्चीजवळ आला. ती दारात खुर्ची टाकून बसली होती, बायकांनी बसवलं होतं.

"अक्का, वाईट वाटून घेऊ नका. अण्णन कुठाय?"

"राहून गेला."

"राहून गेला?"

"माझ्याकडून. चूक झाली."

एकोणीस वर्षांत तिच्या हातून कुणाचं नाव, कुणाचा चेहरा, कुणाची रांग चुकली नव्हती हे शंकरपांडीला माहीत होतं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"असू दे, अक्का. असू दे. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का?" तो शेजारच्याला म्हणाला, "दगड आहे दगड, असं म्हणत होतात ना हिला? बघा."

पेच्चीनं मान खाली घातली. ढोल आले. कनी साडेतीनला पोचली आणि आईच्या गळ्यात पडली, आणि पेच्चीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. फटाके लावत, फुलं उधळत त्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालायला ती बाहेर आली तेव्हा बॅनरच्या कोपऱ्यातल्या आभाळात अण्णन होता. बावन्नाव्याच्या पोस्टरमधून कात्रीनं कापलेला, काळा चष्मा, हातात कोयता. कडा वाकड्यातिकड्या. मंडळातल्याच कुणीतरी शिडी लावून चिकटवला असणार. चूक सुधारली होती.

ती घागर खाली ठेवून थोडा वेळ बघत उभी राहिली. मी आमच्या पायरीवर होते.

"काढू का?" मी विचारलं. "काठी आहे माझ्याकडं."

"राहू दे. खळीनं लावलाय," ती म्हणाली. "फ्लेक्सला खळ धरत नाही. ऊन आलं की पडेल."

तिनं सडा घातला, उंबरा पुसला. मयताच्या घरी रांगोळी काढत नाहीत, म्हणून पिठाचा डबा आतच राहिला. साडेनऊला ऊन बॅनरवर आलं. कागदाचा वरचा कोपरा सुटला, मग कोयता सुटला, आणि मग तो सगळाच घसरून गटाराच्या कडेला पडला. कनीनं तो उचलून आत आणला आणि विचारलं, "ह्याचं काय करायचं, अम्मा?"

"ठेव कुठंतरी," पेच्ची म्हणाली. "तू आधी दोन घास खा." तिनं कालचं रसम गरम केलं, पळीभर हातावर घेऊन चाखलं, आणि पळी कनीपुढं धरली. "बघ गं, मीठ आहे का ह्यात?"